मोबाइलवर आणि संगणकावर मराठी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी मी अमरावतीतल्या एका वाचनालयात दोन तास बसतो. लोक मोबाइल, लॅपटॉप, कधी जुन्या सीडीसुद्धा घेऊन येतात आणि मराठी टायपिंगच्या अडचणी विचारतात. निवृत्त गुरुजी येतात, बचत गटाच्या ताई येतात, स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, दिवाळी अंकाचं काम करणारे येतात. फिरून फिरून तेच प्रश्न निघतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

युनिकोड म्हणजे काय? तो एखादा फॉन्ट आहे का?

नाही. आणि बहुतेक घोटाळे याच समजातून होतात.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे साऱ्या जगासाठी एकदाच ठरवून ठेवलं आहे. त्या यादीचं नाव युनिकोड. यादीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक कप्पा आहे. त्यात 'क'चा क्रमांक ०९१५ आणि 'ळ'चा ०९३३. तुम्ही अमरावतीत 'ळ' लिहून मेलबर्नच्या भाचीला पाठवलात की तारेतून ०९३३ जातो, म्हणून तिच्या फोनवरही 'ळ'च उमटतो. फॉन्ट हे त्या अक्षराचं नुसतं वळण. मंगल, निर्मला, मुक्ता, नोटो यांतला कोणताही लावा, वळण बदलेल, पण अक्षर तेच राहील.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टचं तसं नाही. तिथे इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये कागदावर 'मराठी' दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, मोठी बी आणि एच एवढंच असतं. फॉन्ट असेपर्यंत सगळं ठीक. तो नसला की ही इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, आणि 'मराठी' हा शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण तो तिथे कधी नव्हताच.

या जुन्या फॉन्टना मी नावं ठेवणार नाही. विंडोजमध्ये मराठीसाठी युनिकोडची सोय २०००च्या आवृत्तीपासून आली, आणि गावोगावच्या डीटीपीवाल्यांपर्यंत ती पोहोचायला आणखी कितीतरी वर्षं लागली. मधल्या काळात लग्नपत्रिका, साप्ताहिकं, दिवाळी अंक, ग्रंथालयांचे अहवाल सगळे याच फॉन्टवर निघाले. त्या लोकांनी मराठी छापती ठेवली. मात्र आज नवीन मजकूर त्यांत टाइप करायचं काहीच कारण उरलेलं नाही.

मोबाइलवर मराठी कीबोर्ड कसा आणायचा?

अँड्रॉइडवर बहुतेकांकडे गूगलचा कीबोर्ड, म्हणजे जीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंगमध्ये भाषा उघडा, कीबोर्ड जोडा आणि मराठी निवडा. तिथे पर्याय दिसतील: थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा, आणि बोटाने लिहायचा. आयफोनवर सेटिंग, जनरल, कीबोर्ड या वाटेने जाऊन मराठी जोडता येतं. भाषा बदलायला पृथ्वीच्या गोलाचं बटण दाबा. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडलं की विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इकडून तिकडे जाता येतं.

यादीत हिंदी आधीपासून आहे. देवनागरी तर एकच, मग मराठी वेगळी का जोडायची?

जोडाच. हिंदीचा शब्दसाठा मागे असला की कीबोर्ड तुमचे मराठी शब्द 'सुधारत' बसतो. 'पाणी'चं 'पानी' होतं, 'बाळ'चं 'बाल' होतं. काही हिंदी कीबोर्डांवर 'ळ' शोधावा लागतो. जे गृहस्थ 'मोबाइल माझं मराठी बिघडवतो' अशी तक्रार घेऊन येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर मुळात हिंदी चालू असते.

इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवू, की इनस्क्रिप्ट ही देवनागरी बटणांची मांडणी शिकू?

दिवसाला चार-दोन निरोप लिहिणाऱ्याला पहिली पद्धत पुरे. इंग्रजी अक्षरं सवयीची असतात, दहा मिनिटांत जमतं. विंडोज १०मध्ये २०१९पासून मराठीचा असा ध्वनीवर चालणारा कीबोर्ड आतच मिळतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

पण रोज पान-दोन पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्ट शिका, हे मी आग्रहाने सांगतो. पहिल्या पद्धतीत न-ण, ल-ळ, त-ट, द-ड यांचा उलगडा मशीन अंदाजाने करतं, आणि तो अंदाज बरोबर आहे की नाही हे प्रत्येक शब्दाला मान वर करून बघावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये जे बटण दाबाल तेच अक्षर येतं. मांडणीही विचार करून केलेली आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'क'च्याच बटणावर शिफ्ट धरला की 'ख', 'ग'वर शिफ्ट धरला की 'घ'. १९८६ साली ठरलेली ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना सारखी आहे. 'क' गुजरातीतही त्याच बटणावर, कन्नडमध्येही त्याच बटणावर.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त बाईंनी बटणांवर खडूने अक्षरं लिहून घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खडू स्वतःच पुसून टाकला. रोज अर्धा तास बसलात तर साधारण तेवढाच वेळ लागतो.

लिपिक-टंकलेखक पदासाठी कोणता कीबोर्ड चालतो?

प्रमाणपत्र मराठी ३० शब्द प्रति मिनिट किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट असं मागतात. कीबोर्डची मांडणी मात्र त्या त्या परीक्षेच्या सूचनेत बघूनच सराव सुरू करा. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बोटं बसलेल्या मुलाला ऐनवेळी इनस्क्रिप्ट मिळाला तर त्याचा वेग निम्म्यावर येतो.

मी इंग्रजी लिपीतच मराठी लिहितो. सगळ्यांना कळतं. काय बिघडलं?

कळतं कारण वाचणारा मराठी आहे आणि संदर्भाने जुळवून घेतो. पण इंग्रजी जी, ए, डी, आय एवढंच लिहिलंत तर ते गडी आहे, गाडी आहे की गादी? के, ए, एल म्हणजे काल, काळ, कळ की कल? घरच्या निरोपात हे निभावतं. औषधाच्या वेळा, जमिनीच्या चतुःसीमा, कुणाचं नाव-आडनाव लिहिताना निभावत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. इंग्रजी लिपीतलं मराठी कुणाला शोधून सापडत नाही. एकच शब्द पाच जण पाच स्पेलिंगांनी लिहितात. तुम्ही गावच्या जत्रेवर, भुलाबाईच्या गाण्यांवर, आजीच्या शेंगोळ्यांच्या कृतीवर मनापासून लिहिलंत, आणि उद्या कुणी देवनागरीत 'शेंगोळे' लिहून शोधलं, तर तुमचं लिहिणं त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. तेच देवनागरीत असतं तर पोहोचलं असतं. मराठी विकिपीडिया २००३पासून उभा आहे तो अशाच एकेका माणसाने देवनागरीत लिहिलेल्या ओळींवर.

'ऱ्य' लिहायला गेलं की 'र्य' होतो. काय करू?

रविवारी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो मराठीचा स्वतःचा प्रश्न आहे.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ही दोन वेगळी निमंत्रणं आहेत: पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. पहिल्या शब्दात रफार डोक्यावर बसतो, दुसऱ्यात 'र' आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, बिऱ्हाड या सगळ्यांत हाच आडवा 'र' आहे. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांच्या प्रांताच्या नावातच तो आहे, म्हणून आम्हाला तो नीट लिहिता यायलाच हवा.

नेहमीचा 'र' घेऊन पाय मोडलात की पुढच्या अक्षरावर रफार येणार, हा नियमच आहे. आडव्या रूपासाठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला 'ऱ' वेगळा ठेवलेला आहे, क्रमांक ०९३१. तो घ्या, पाय मोडा, मग 'य' किंवा 'ह' लिहा. टिंब आपोआप जातं आणि आडवा 'र' उमटतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग 'य'चं बटण. मोबाइलच्या देवनागरी कीबोर्डवर 'र' दाबून धरून पाहा. इंग्रजी अक्षरांतून लिहीत असाल तर वर जे तीन-चार पर्याय येतात त्यांतला बरोबर शब्द निवडा. तीन-चार वेळा निवडलात की कीबोर्ड तो लक्षात ठेवतो.

'ॲप' लिहिलं की अक्षराशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.

तुम्ही 'अ' आणि वरचा चंद्र वेगवेगळे टाइप केलेत. पूर्वी तसंच करावं लागायचं, कारण अख्खा 'ॲ' युनिकोडमध्ये नव्हता. तो २००८ साली घेतला गेला. आता तो एकच अक्षर म्हणून निवडा. हिंदीवाल्यांचा 'ऍ' आपला नव्हे. दिसायला चालून जातो, पण शोधताना 'ऍप' आणि 'ॲप' हे दोन निराळे शब्द ठरू शकतात.

असंच 'बँक'चं होतं. काही जण 'ब'वर थेट चंद्रबिंदू देतात, काही जण आधी चंद्र आणि मग अनुस्वार. कागदावर फरक ओळखूही येत नाही, आतले क्रमांक मात्र वेगळे. एका सहकारी संस्थेच्या सभासदांच्या यादीत 'बँक कॉलनी' शोधल्यावर निम्मेच पत्ते मिळत होते, त्याचं कारण हेच निघालं. यादी एकापेक्षा जास्त माणसं टाइप करणार असतील तर अशा शब्दांचं रूप आधी ठरवून घ्या.

माझ्या फोनवर 'ल' आणि 'श' हिंदीसारखे दिसतात.

अक्षर तेच, वळण वेगळं. राज्य शासनाने वर्णमालेबाबत २००९ साली जो निर्णय काढला त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' स्वीकारले आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' ठेवली की मराठी वळण आपोआप येतं. म्हणून वर्डमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. संकेतस्थळ बनवणाऱ्याला पानाची भाषा मराठी नोंदवायला सांगा. फुकट फॉन्टांपैकी तिरो देवनागरी मराठी खास मराठी वळणासाठीच केलेला आहे. आयआयटी मुंबईतून आलेला शोभिकाही जोडाक्षरांसाठी मला फार आवडतो.

जुनी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मजकूर गेला का?

गेला नाही. हे मी स्वतःच्या घरी अनुभवलं आहे.

वडिलांनी नव्वदच्या दशकात आपल्या शाळेच्या आठवणी एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतल्या होत्या. छापील प्रत घर बदलताना हरवली. फाइल सीडीवर होती, केंद्र बंद पडलेलं, आणि फॉन्ट कोणता ते कुणालाच आठवत नव्हतं. आम्ही ती उघडली तर साठ पानं इंग्रजी अक्षरांची रांगोळी. वडील बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अरे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीच चार अक्षरं येतायत." व्ही, के, जी, एस. मराठी वाक्याच्या शेवटी सारखं काय येणार? 'आहे'. व्ही म्हणजे 'अ', के म्हणजे काना, जी म्हणजे 'ह', एस म्हणजे मात्रा. तिथून कळलं की हा कृतिदेव. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणाऱ्या परिवर्तकात मजकूर घातला आणि अर्ध्या मिनिटात त्यांच्या हेडमास्तरांचं नाव पडद्यावर आलं. वडिलांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला.

तेव्हा क्रम असा ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत काढा. वर्डमध्ये मजकुरावर टिचकी मारली की फॉन्टचं नाव वर दिसतं, फॉन्ट बसवलेला नसला तरी दिसतं. त्या नावाचाच परिवर्तक शोधा. श्रीलिपीच्या फॉन्टांना कृतिदेवचा परिवर्तक चालत नाही, उलट नवा गोंधळ होतो. फाइलमध्ये फॉन्टचं नाव टिकलं नसेल, आमच्या फाइलमध्ये ते नव्हतं, तर 'आहे' हुडका.

परिवर्तनानंतर तपासणी करावीच लागते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. म्हणून चुका ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांच्यापाशीच जमतात. आमच्या साठ पानांना दोन संध्याकाळी लागल्या.

पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की काहीबाही चिकटतं.

पीडीएफ जुन्या फॉन्टवर बनलेली असेल तर वरचंच उत्तर. युनिकोडवर बनलेली असूनही कधी कधी वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, कारण पीडीएफमध्ये छापलेला आकार जपला जातो, टाइप केल्याचा क्रम नाही. अशा वेळी पानाकडे चित्र म्हणून बघा. गूगल ड्राइव्हमध्ये पीडीएफ चढवून गूगल डॉक्सने उघडली की मजकूर ओळखून मिळतो, किंवा पानाचा फोटो गूगल लेन्सला दाखवा. मराठी ठीक ओळखलं जातं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत गल्लत होते, तेवढी बघून घ्या. फोटो उजेडात, पान सपाट ठेवून काढा.

मराठी एसएमएस लगेच दोन-तीन भागांत का जातो?

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, मधली जागा हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर, तिथे सहा. 'रात्री आठला पाणी येईल' यात आपण दहा अक्षरं मोजू, मशीन २१ मोजतं. ७०च्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ मावतात. पाणीपुरवठ्याच्या किंवा शाळेच्या सूचना घाऊक पाठवणाऱ्यांनी वाक्य आधी मोजून बघावं, कारण पैसे तुकड्यांप्रमाणे पडतात. व्हॉट्सअ‍ॅपला ही अडचण नाही.

बोलून टाइप केलेलं कितपत बरोबर येतं?

गूगलच्या बोलून टाइप करण्यात मराठी २०१७ साली आलं, आणि तेव्हापासून पुष्कळ सुधारलं आहे. प्रमाण बोलीत, सावकाश, पंखा बंद करून बोललात तर चांगलं उमटतं. वऱ्हाडी किंवा मालवणी बोललात तर मशीन त्याचं प्रमाण मराठी करायला बघतं. गावांची नावं, आडनावं आणि विरामचिन्हं हाताने दुरुस्त करावी लागतात. ज्यांच्या बोटांना कंप आहे किंवा नजर कमी झाली आहे, त्यांना मी आधी हेच शिकवतो.

आई फक्त आवाजाचे निरोप पाठवते. तिला लिहायला लावावं का?

लावू नका. तिचा आवाज ही ठेवून घेण्याची गोष्ट आहे. फक्त ते निरोप व्हॉट्सअ‍ॅपमध्येच सोडू नका, फोन बदलताना तेच आधी हरवतात. एखादी कृती, ओवी, नातेवाइकांची माहिती सांगितली असेल तर ती ध्वनिफीत वेगळी जपा, नाव आणि तारीख घालून, आणि सवडीने ऐकून देवनागरीत उतरवा. ती लिहू इच्छित असेल तर बोटाने लिहायचा कीबोर्ड द्या. पाटीवर गिरवल्यासारखं लिहिता येतं, बटणं शोधावी लागत नाहीत.

आजोबांचे मोडी कागद मोबाइलने वाचता येतील का?

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे मोडी टाइप करता येते. पण हाताने लिहिलेले जुने कागद वाचायला मोडी जाणणारा माणूसच लागतो. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. तोवर कागदांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. घड्या उलगडताना जोर लावू नका, आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका.

मी माझ्या आठवणी लिहितोय. फाइल वीस वर्षांनी उघडावी म्हणून काय करू?

युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे अर्धी काळजी मिटली. वर्डची फाइल ठेवा, पण तिच्याबरोबर साध्या मजकुराचीही एक फाइल ठेवा, साठवताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) निवडून. ती कोणत्याही यंत्रावर उघडते. त्यात देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. तीनशे पानांचं पुस्तकही एक-दीड एमबीत मावतं, म्हणजे तुमच्या फोनच्या एखाद्या फोटोपेक्षा कमी जागेत. प्रती तीन ठिकाणी असू द्या: घरच्या पेनड्राइव्हवर, ऑनलाइन खात्यात, आणि मुलाकडे किंवा भाचीकडे. एक छापून बांधून घ्या. पहिल्या पानावर तुमचं नाव, गाव आणि साल घाला, आणि फोटो जोडत असाल तर त्यांतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे आजच लिहून काढा.